कंबोडियाचा फायदा

आण्णांनी प्रश्न विचारला. सुषमाला फक्त त्यांची मिशी हललेली दिसली.

खरवईच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये साठएक माणसं बसली होती. स्टेजवर तिचा नवरा, दिनानाथ. गळ्यात हार, मागे बॅनर: 'परदेशात स्वयंसेवा – अनुभव आणि फायदे'. बाजूला माइक धरून संघाचे अध्यक्ष आण्णा. आणि हॉलमधली सगळी तोंडं पहिल्या रांगेकडे, तिच्याकडे वळलेली.

म्हणजे प्रश्न तिलाच होता.

सुषमा हसली. मान हलवली. दोन वर्षं ती हेच करत आली होती. भाजीवाल्यापासून विहीणबाईंपर्यंत कुणाशीही हसून मान हलवली की भागायचं. या वेळी भागलं नाही. लोक थांबूनच राहिले. प्रश्न 'हो'ने सुटणारा नव्हता.

तिला ऐकू कमी येत होतं, आणि हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. होऊ द्यायचंही नव्हतं. तिच्या सासूबाई, माई, शेवटची सहा वर्षं बहिऱ्या होत्या. विचारावं एक, त्या सांगायच्या भलतंच, आणि घरभर हशा. पाहुणे आले की मुद्दाम माईंना काहीतरी विचारलं जायचं. सगळ्यांत जास्त सुषमाच हसायची. त्यामुळे बहिऱ्या बाईचं घरात काय होतं, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

लपवणं सोपं गेलं ते दिनानाथमुळे. तेहतीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत लेथच्या गोंगाटात सुपरवायझरी केलेला माणूस. घरीही तोच आवाज. पेपरात तोंड घालून बोलायचा, दाढी करताना आरशाशी बोलायचा, चपला घालता घालता दाराशी बोलायचा. उद्या पाणी येणार नाही, असं त्याने बायकोला सांगितलं की खालच्या मजल्यावरचे पिंपं भरून ठेवायचे. उत्तराची त्याला कधी गरजच नसायची.

रिटायर झाल्यावर तो कंबोडियाला गेला. एका छोट्या गावातल्या शाळेत पोरांना लेथ शिकवायला. तीन महिने, बिनपगारी. नातेवाईक म्हणाले, फुकट राबायला विमानाने कशाला जायचं? इथं काय काम कमी आहे? सुषमाने शंकरपाळे बांधून दिले आणि तीन महिने शांततेत काढले.

परत आला तो वेगळाच. आवाज खाली आलेला.

"पहिला आठवडा मी नुसता ओरडत होतो," तो सांगायचा. "हिंदी, इंग्लिश, मराठी, जे येतं ते मोठ्याने. पोरं मान हलवायची. मला वाटलं, समजलं. मग एकाने बोट कापून घेतलं."

आता काही सांगायचं असलं की तो हातातलं ठेवून समोर येऊन उभा राहायचा. हळू बोलायचा. हातांनी करून दाखवायचा. "आई, बाबा कंबोडियातून अॅक्टिंग शिकून आलेत," सून हर्षदा म्हणायची. सुषमाला राग यायचा. मी काय परदेशी बाई आहे? आणि त्याचं सगळं नीट समजायचं, याचा आणखी राग यायचा.

हॉलमध्ये मागे कुणाचे तरी खांदे हसण्याने हलले. शेजारून हर्षदा काहीतरी पुटपुटली, ते वाया गेलं. आज माई आपणच, सुषमाला वाटलं.

दिनानाथ उठला. गुडघा धरत स्टेजच्या पायऱ्या उतरला. स्टेजकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला.

"आण्णा विचारतायत," तो हळू, ओठ नीट उघडून म्हणाला, "मी कंबोडियाला गेलो, त्याचा तुला काय फायदा झाला?"

हॉल हसला. नवराबायकोची गंमत चाललीय, असंच सगळ्यांना वाटलं. त्याने ते तसंच वाटू दिलं.

सुषमाने त्याच्याकडे बघितलं. तो समोरच, पण तिच्या उजव्या बाजूला उभा होता, जरा बऱ्या कानाच्या. घरीही तो रोज तिथंच उभा राहायचा. हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"कधी कळलं?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"आल्यावर, चौथ्या दिवशी. मी चपला घालता घालता विचारलं, कोथिंबिरीच्या जुड्या किती आणू? तू मान हलवलीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तुलाच ते कुणाला सांगायचं नव्हतं ना."

आण्णा माइक घेऊन जवळ आले. आता काम सोपं होतं. 'खूप फायदा झाला' म्हणायचं, टाळ्या होतील, खाली बसायचं. पुढे चहा-बटाटेवडा होताच.

सुषमाने उठून माइक घेतला.

"झाला की फायदा," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं हे आमच्या भिंतींशी बोलायचे. आता माझ्याशी बोलतात."

बायकांच्या रांगांत हशा उसळला. एक-दोघींनी तर आपापल्या नवऱ्यांकडे वळून बघितलं. सुषमा बसली नाही. हशा ओसरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग आण्णांकडे वळली.

"आणि आण्णा, यापुढे तुम्हीही मला काही विचारताना जरा माझ्याकडे तोंड करा. मला ऐकू कमी येतं."