कानात सांगायचं नाव

“मुलीचं नाव मोठ्याने सांगा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

सबिहाची नजर खालच्या टेबलाशी बसलेल्या लेखनिकावर खिळली होती. केरेझोव्ह. साडेपाच वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या बर्फात, सैनिकांनी गावाला वेढा घातला होता. तेव्हा गावकचेरीत बल्गेरियन नावांची यादी घेऊन हाच माणूस बसला होता. सरकारचा हुकूमच होता: गावातल्या प्रत्येक तुर्काने पुढे व्हायचं, आपलं तुर्की नाव टाकून यादीतलं एक नाव उचलायचं, सही करायची. सबिहाला सातवा महिना होता. “निवडा लवकर, मागे रांग आहे,” तो म्हणाला होता. तिने डोळे मिटून बोट ठेवलं, ते ‘स्लाव्का’वर पडलं.

तिचा नवरा रेम्झी सही करेना. त्याला ट्रकमध्ये घालून नेलं. दोन वर्षांनी तो परत आला तो ‘रुमेन’ होऊन आणि एका कानाने कायमचा बहिरा होऊन.

आता वरचे लोक बदलले होते. अर्ज केला की कोर्ट जुनं नाव परत देत होतं. पण रेम्झी आज आला नव्हता. “नावं परत मागणाऱ्यांचीही यादीच होतेय,” तो सकाळी चहाच्या पेल्यात बघत म्हणाला होता. “कळत कसं नाही गं तुला? उद्या वारं फिरलं, की पहिलं दार आपलं वाजेल.”

“तुमचं ठीक आहे,” न्यायाधीशबाईंनी कागद उलटला. “तुम्ही जन्माने सबिहा. पण मुलगी पहिल्या दिवसापासून एल्का. परत द्यायला तिचं दुसरं नाव होतं कुठे?”

“होतं, बाई.”

“कुणी ठेवलेलं?”

“मी आणि सासूबाईंनी. जन्मली त्या दिवशी.”

“मग घरात त्या नावाने हाक मारता?”

“एकदाही नाही.”

“का?”

केरेझोव्हचं पेन थांबलं.

“पोरांच्या तोंडात तीळ भिजत नाही,” सबिहा म्हणाली. “रस्त्यात कुणी विचारलं असतं, तिने सांगून टाकलं असतं. मग आमचं काय झालं असतं, ते यांना विचारा.”

शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. ते निसटलं. केरेझोव्हने मान वर केली नाही. फक्त त्याचे कान लाल झाले.

न्यायाधीशबाई सबिहाला बिलगून उभ्या मुलीकडे वाकल्या. “बाळ, तुझं नाव काय?”

“एल्का,” मुलगी लगेच म्हणाली.

“आणखी एखादं नाव आहे का तुला?”

मुलीने केरेझोव्हकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

पोटच्या पोरीनेच अर्ज खोटा पाडला होता. पण मुलीची नजर आधी कुणाकडे गेली, ते न्यायाधीशबाईंनी पाहिलं होतं. त्यांनी अर्जावरचं नाव पुन्हा वाचलं. कागदावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. उच्चारलं मात्र कुणीच नव्हतं. शेवटी त्यांनी सही केली. “दोघींचं मंजूर. पुढचा अर्ज घ्या.”

निकालाची प्रत केरेझोव्हनेच आणून दिली. त्याने शिक्का मारला, कागद फुंकून वाळवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “जुने दाखले फाडू नका, स्लाव्काबाई. याद्या काय, पुन्हा निघतात.”

ती धमकी होती की सल्ला, तिला कळलं नाही. तिने मुलीचा हात घट्ट धरला आणि बाहेर लांबलचक व्हरांड्यात आली. तिथे अर्ज घेऊन माणसं भिंतीला टेकून उभी होती. एकमेकांशी कुणी बोलत नव्हतं.

जन्मलेल्या बाळाच्या कानात घरातल्या थोरल्याने तीनदा नाव सांगायचं, ही त्यांच्यातली रीत. एल्काच्या वेळी ती राहून गेली होती. बाप ट्रकमधून गेलेला. सासूबाई तर भिंतींनाही भ्यायच्या. मागच्या हिवाळ्यात त्याही गेल्या. आता राहिली सबिहा. रेम्झी काहीही म्हणो, हे काम तिने आजच उरकायचं ठरवलं होतं. ती गुडघ्यांवर बसली, मुलीच्या कानामागचे केस सारले आणि ओठ टेकवले.

“तुझं नाव निग्यार,” ती म्हणाली. “तुझं नाव निग्यार. तुझं नाव—”

मुलीने तिच्या तोंडावर हात दाबला.

“माहितीये मला,” ती पुटपुटली. “आजी रोज सांगायची. पण तू नको ना बोलूस, आई. तो माणूस दारात उभा आहे.”