मागच्या सीटवरची बाई

गाडी टिंग टिंग करू लागली तेव्हा हरिदास आष्टीच्या रस्त्याला लागला होता. पट्टा लावला नाही म्हणून ती ओरडत होती. त्याच्या बोलेरोनं असला आगाऊपणा कधी केला नव्हता. पट्टा अडकवायच्या खाचेत त्यानं जुन्या जीपच्या पट्ट्याचं पातं खोचून तिचं तोंड कायमचं बंद केलं होतं. आलापल्लीत निम्म्या गाड्यांवर हाच इलाज चालतो. त्यानं खाच चाचपली. पातं नव्हतं.

"भाऊ, आपन कुठी जाऊन राह्यलो?" मागून आवाज आला.

आरशात एक म्हातारी दिसली. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. घाबरल्यासारखी मुळीच वाटत नव्हती.

हरिदासनं गाडी कडेला घेतली. सूरजागडच्या खाणीचा ट्रक शेजारून गेला आणि काचांवर लाल धूळ बसली. आता त्याला सीटचं कव्हर दिसलं. निळं होतं. त्याचं तर खाकी.

"हे माही गाडी नाई," तो म्हणाला.

"नाई. माह्या पोराची हाय."

लाकूड डेपोसमोर जागा तोकडी. सागाचा ट्रक भरून निघाला की वाटेतली गाडी ज्याला जमेल त्यानं बाजूला करायची, म्हणून तिथं चावी गाडीतच ठेवायचा रिवाज आहे. हरिदास जन्मभर वनखात्यात ड्रायव्हर. त्याला यात काही वावगं वाटत नाही. पांढऱ्या बोलेरो तिथं रांगेनं उभ्या असतात. तो चहा पिऊन आला, दार उघडलं, चावी दिसली आणि निघाला. मागं कोणी बसलं असेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

"मंग तुमी बोलल्या काऊन नाई, बाई?"

"मले वाटलं, गुणवंतानं ड्रायवर धाडला. मंग वाटलं, नसन धाडला." तिनं मांडीवरची पिशवी सावरली. "पन गचके देत नाई तुमी. बरं वाटलं बसून."

हे ऐकून हरिदासला रडूच यायचं बाकी राहिलं. त्यानं गाडी वळवली आणि परतीच्या वाटेवर त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. मागच्या महिन्यात तो अहेरीच्या बाजारात गाडी विसरून एसटीनं घरी आला होता. तेव्हा मुलानं, पियुषनं, आवाज न चढवता बजावलं होतं, आणखी एक घोटाळा झाला की चावी मी घेणार.

"चावी गेली का मी गेलो, बाई," हरिदास म्हणाला. "ओट्यावर बसाले नाई जमत मले."

सुगंधाबाई, म्हणजे ती म्हातारी, पुढं सरकली. पिशवीतून सुपारी काढून तिनं एक खांड त्याच्यापुढे धरलं.

डेपोसमोर तिचा मुलगा गुणवंत उन्हात उभा होता. घराच्या चौकटीसाठी साग बघायला तो आत गेला होता आणि बाहेर येऊन बघतो तर गाडीही नाही, आईही नाही. हरिदास खाली उतरला. तोंड उघडणार, तेवढ्यात मागची काच खाली झाली.

"मीच म्हटलं ह्या भाऊले," सुगंधाबाई म्हणाली. "बसून बसून कटाळली. म्हटलं, जरा फिरवून आना."

गुणवंतचा चेहरा उतरला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हरिदासकडं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "माफ करा, भाऊ. आईचं आजकाल असंच होऊन राह्यलं. तुमी भले मानूस म्हनून. दुसरा कोनी असता तं?"

हरिदासनं नुसती मान हलवली. जीव भांड्यात पडला होता, ते कबूलच केलं पाहिजे.

"दीपाली कवाची सांगून राह्यली," बायकोचं नाव घेत गुणवंत आईला म्हणाला, "का हिले एकटं नको ठेवू. मी आयकलं नाई. उद्यापासून आमी कामावर गेलो का घराले बाहेरून कुलूप."

"बरं," सुगंधाबाई म्हणाली.

गुणवंतनं चावी काढून घेतली. हवेपुरती काच उघडी ठेवली, खटका दाबला, तशी चारही दारं एकदम कुलूपबंद झाली. "पैसे देऊन आलोच," असं म्हणून तो डेपोच्या फाटकाकडं चालू लागला.

सुगंधाबाई समोर बघत होती. पदर तिनं पुन्हा नीट केला. हरिदासकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला जायला सोपं गेलं असतं.

त्याची गाडी दोन गाड्या सोडून उभी होती. तो जाऊन बसला. सीट खाकी, खाचेत पातं, सगळं जिथल्या तिथं. त्यानं चावी फिरवली. इंजिन लगेच लागलं, आणि ते ऐकून त्याला नेहमीसारखंच बरं वाटलं. पियुषला काही कळणार नव्हतं. संध्याकाळी गाडी धुवायची, उद्या सकाळी पोंभुर्ण्याला जुन्या दोस्ताकडं, पोचूकडं जायचं. कित्येक दिवस मनात होतं. पण मान वळली की शेजारच्या गाड्यांच्या काचांतून तो पांढरा पदर दिसत होता.

त्यानं इंजिन बंद केलं. खाली उतरला आणि गुणवंतला त्यानं फाटकातच गाठलं.

"भाऊ, त्यायनं मले काई नाई म्हटलं. मीच माही समजून तुमची गाडी नेली. त्या मांगं बसल्या हायेत, हे बी दिसलं नाई मले."

गुणवंतनं वळून गाडीकडं पाहिलं.

"माह्या पोराचा नंबर देतो, त्याले फोन लावा. पन पहिले तिकडं चाला," हरिदास म्हणाला. "तुमच्या आईचं डोकं ठिकान्यावर हाय. दार उघडा."