हा कोण?

फिनलंडमधल्या ओउलूच्या कागद कारखान्यातली मनुष्यबळ विभागप्रमुख बिर्गिट्टा सकाळपासून धुमसत होती. यादीतलं कुठलंही नाव कॉपी करा, पत्रात पेस्ट व्हायचं ते पहिलंच, तौनोचं. कामावरून काढल्याची एकतीस पत्रं, सगळी एकट्या तौनोच्या नावे!

"तुम्ही कॉम्प्युटरवाले दिवसभर नुसती कॉफी ढोसता," नऊ वर्षं तिचाच कॉम्प्युटर दुरुस्त करत आलेल्या उंतो रेकोलावर ती खेकसली.

"एकतीसच तर नावं, बिर्गिट्टा. हातानं टाईप केली असतीत तर?"

"या लोकांसाठी मी बोटं झिजवू?"

उंतोनं बिघाड काढला. यादीतलं शेवटचं नाव कॉपी करून पत्रात पेस्ट केलं. ते बरोबर उमटलं. तो पडद्याकडे बघतच राहिला.



"जमलं एकदाचं!" बिर्गिट्टा म्हणाली. "आता हा उंतो रेकोला कुठे बसतो, तेवढं सांगा."