घड्याळातला सेल

लातूरच्या प्रशिक्षणात मॅडमनी प्रत्येक शिक्षकाच्या हातात बल्ब, सेल आणि एकच वायर दिली. "पेटवून दाखवा." संगमेश्वर सर बावीस वर्षं विज्ञान शिकवत होते, फळ्यावर काढलेला बल्ब दरवर्षी पेटायचा. हातातला मात्र शेवटपर्यंत पेटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातली विज्ञानपेटी वर्गात आणली. फुटलं तर बदलीच्या वेळी भरून द्यावं लागेल म्हणून तिचं सील तोडलंच नव्हतं. आता तोडलं, तर बल्ब शाबूत, सेल गंजलेले. सरांनी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि सहावीतल्या साक्षीला दिला. "तू पेटव. मला काल जमलं न्हाई." बऱ्याच वेळानं शिपाई भुजंगमामा दारात आले. "सर, घड्याळ बंद हाय. घंटा कवा देऊ?" "आत्ता कुठं साक्षीचा पेटलाय, मामा. बाकीच्यांचा पेटू द्या."