शिकारीचा वाटा

“मामा, शिकारीतला तुमचा वाटा,” म्हणत जावयानं मोटरसायकलवरच्या कडब्याखालून रानडुकराचं मटण काढलं. जावयाच्या तालुक्यात पिकं वाचवायला शिकारीचा परवाना मिळाला होता. पण डुकरांत रोग असल्यानं मटण तालुक्याबाहेर न्यायला बंदी होती.

“नाक्यावर धरलं असतं तर?” यल्लप्पानं हसत विचारलं.

“सासऱ्याचा वाटा पोचवला नाही, तर तुमची लेक घरात घेईल का?”

सासू दुर्गव्वानं मटण धुतलं आणि धुवण नेहमीसारखं घरच्या पाळीव डुकरांच्या खाण्याच्या कुंडीत ओतलं.

पंधरवड्यात ती डुकरं मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रोग तोच. आता वस्तीतली सगळीच मारावी लागतील. शेजारच्या गंगव्वाची एकुलती डुकरीण तेव्हा गाभण होती.

“अण्णा, सायबाला सांगा की,” गंगव्वा म्हणाली. “माझी धडधाकट आहे. सरकारला काही माया नाही बघा.”

डुकरं पुरायला मदतीला आलेला जावई खाली मान घालून खड्डा खणत राहिला.

“सरकारचं काही चुकलं नाही, अक्का,” यल्लप्पा म्हणाला. पुढचं सांगायचा त्याला धीर होईना. गंगव्वा डुकरिणीला चुचकारत खड्ड्याकडे निघाली.