शामकलाची नजर

डॉक्टरांनी चेतनाचा फ्रॉक वर केला आणि पोटावर बोटं टेकवली. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. खाली पाय मात्र काडीसारखे. पाच वर्षांची पोर, वजन साडेअकरा किलो. तिची आई प्रेमिला शेजारीच उभी होती, पण तिचं लक्ष अर्धवट उघड्या दाराकडे होतं. दाराबाहेरच्या बाकावर तिची नणंद शामकला बसली होती.

"दार लावू का, सर?"

"राहू द्या. उकडतंय."

शामकलाला तिनं आणलंच नसतं. पण नवऱ्याला, गजेंद्रला, तिरोड्याच्या वीज प्रकल्पावरच्या कामातून सुट्टी मिळाली नाही. आजारी पोर घेऊन गोंदियाला एकटी कशी जाशील म्हणून त्यानं आपल्या थोरल्या बहिणीला सोबत धाडलं. एसटीत साऱ्या वाटेनं प्रेमिलानं पोरीला पदराखाली झाकून ठेवलं होतं.

शामकला तीन वर्षांपूर्वी माहेरी परत आली. तीनदा दिवस गेले, तीनदाही पोट पडलं. सासरच्यांनी आणून सोडलं ते कायमचं. बाई वाळलेली, पांढरीफटक, चार पायऱ्या चढली तरी धापा टाकायची. ती आली त्याच वर्षी चेतनाला जुलाब लागले. शेजारच्या सुभद्राबाईंनी प्रेमिलाच्या कानाशी लागून सांगितलं, "जिच्या पोटी लेकरू टिकलं नाही, तिची नजर लेकरावरच पडते वो. जपून राह्य." त्या दिवसापासून प्रेमिलाच्या छातीत धास्ती घर करून बसली. पोर रडली तरी ती आधी शामकला कुठे आहे ते पाही.

उन्हाळ्यात तर तिची खात्रीच पटली. चेतनाला घेऊन ती महिनाभर माहेरी, नवेगाव बांधला राहिली. पोरीचे जुलाब थांबले. गालांवर मांस आलं. तळ्याच्या पाळीवरून ती मामाच्या मागे धावू लागली. तिरोड्याला परतली आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. घाण वासाचे फेसाळ जुलाब, ओकाऱ्या, सारखी किरकिर. घरात शामकला आहे आणि माहेरी नाही, एवढाच फरक प्रेमिलाला दिसला.

शामकलाचं ताट तर ती तीन वर्षं मोरीजवळच लावत आली होती. तिच्या ताटात आदल्या दिवशीच्या उरलेल्या पोळ्या टाकायच्या आणि पोरीला आत नेऊन दाराची कडी घालायची. आत बसून ती चेतनाला स्वतःच्या हातानं भरवी. दुधात कुस्करलेली पोळी, रव्याचा शिरा, दलिया, बिस्किटं. पोर तोंड फिरवी, तर ही गाल धरून घास आत घाली. जितकी पोर सुकत गेली, तितकी ही जास्त भरवत गेली. सुकटीच्या रोगानं वाळून दगावलेली लेकरं तिनं पाहिली होती. आपलीही तशीच जाईल, ही भीती तिला सोडत नसे.

डॉक्टरांनी फ्रॉक खाली केला. "तुमच्या आईकडे होती तेव्हा बरी होती म्हणता. तिथं काय खायची?"

"भातच. भात नं मासोळी. आमच्या माहेरी पोळी सणावारालेच होते."

"आणि घरी?"

"पोळी. यायच्या, पोरीच्या बापाच्या, डब्यासाठी रोज होतेत ना. पोरीले ताकद याव म्हणून मी तिले..."

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट तिच्यासमोर सरकवला. "हिला गहू चालत नाही. सीलिॲक म्हणतात या आजाराला. गव्हाचा घास पोटात गेला की आतड्याचं अस्तर खराब होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. परवा नागपूरला जाऊन दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या. तोवर खाणं आहे तसंच ठेवा, नाहीतर तपासणीत कळणार नाही. त्यानंतर गहू, रवा, मैदा, सगळं जन्मभर बंद. भातावर ही पोर धडधाकट होईल."

प्रेमिला आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. ह्याच हातानं. गाल धरून.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "पण हा आजार रक्ताच्या नात्यात चालतो. घरात आणखी कोणाला आहे का असं? पोट सदा बिघडलेलं, रक्त कमी, अंगावर मांस नाही. बाईमाणूस असेल तर कधीकधी गर्भही टिकत नाही. असं कोणी असेल तर त्यांचंही रक्त तपासून घेऊ."

प्रेमिलाच्या डोळ्यांसमोर मोरीजवळचं ताट आलं, आणि त्यातल्या शिळ्या पोळ्या. तीन वर्षं. रोज.

पोरीला काखेत घेऊन ती बाहेर आली. तिला पाहताच शामकला बाकावरून उठली आणि दोन पावलं मागे सरकली. प्रेमिला पुढे झाली आणि तिनं शामकलाचा हात धरला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं तो पहिल्यांदाच धरला होता. नुसती हाडं होती.

"ताई, आत चाला. डॉक्टर तुमचंही रक्त तपासतो म्हणते. पोरीले जे आहे, तेच तुमाले असन."

शामकलाचा चेहरा आणखीच पांढरा पडला.

"म्हणजे माह्यापासूनच लागलं ना लेकराले?" ती कशीबशी बोलली. "सासरचेही असंच म्हणत. पण तुही शपथ प्रेमिला, तीन वर्षं झाली, मी या पोरीकडं एक डाव डोळे वर करून पाहलं नाही. मलेच भेव वाटे वो माह्या नजरेचं."