आधी नाव, मग हात

खिडकीजवळच्या खुर्चीत बाबा टॉवेलाची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते. शेजारीच मुलगी लॅपटॉप उघडून कामाला बसली होती. त्यांना एकटं सोडायची आता सोय राहिली नव्हती.

हॉस्पिटलच्या मोठ्या सर्व्हरवर रक्तपेढीसाठी नवं लिनक्स मशीन उभं करायचं होतं. खरंखुरं नव्हे, त्या सर्व्हरच्याच पोटात थाटायचं आणखी एक बिऱ्हाड. केसपेपर, तपासण्या, औषधं अशी बिऱ्हाडं तिथे कधीपासून सुखाने नांदत होती. ती वसवली होती बाबांनीच. हिला हे काम शिकवलं तेही त्यांनीच, चांगलं झापून झापून.

तिने नव्या मशीनला मेमरी दिली, डिस्क दिली, लिनक्स चढवलं. आता डेटाची दुसरी डिस्क पुसून कोरी केली की झालं. स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन काळ्या खिडक्या होत्या, एक नव्या मशीनची, एक मोठ्या सर्व्हरची. दिसायला जुळ्या बहिणी. तिने पुसायची कमांड टाइप केली.

"नाव विचारलंस?"

टॉवेल मांडीवर तसाच होता आणि बाबा स्क्रीनकडे बघत होते. आवाज ऑफिसातला, कित्येक महिन्यांत न ऐकलेला.

"पुसण्याआधी मशीनला नाव विचारायचं. आधी नाव, मग हात. किती वेळा सांगू?"

तिने लिहिलेलं खोडलं आणि मशीनला नाव विचारलं. नाव आलं मोठ्या सर्व्हरचं. ती चुकीच्या खिडकीत होती. एंटर दाबलं असतं, तर सगळी बिऱ्हाडं एका फटक्यात उठली असती आणि उद्या सकाळी कुठल्या रोग्याला काय झालंय ते डॉक्टरांनाही कळलं नसतं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

भीतीहून आनंदच मोठा होता. बाबा आत कुठेतरी शाबूत होते. तिने खुर्ची वळवली आणि त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बाबा, वाचवलंत मला."

त्यांनी हात हळूच सोडवून घेतले. तिचा चेहरा नीट न्याहाळला.

"आपलं नाव काय?" त्यांनी अदबीने विचारलं.

तिने सांगितलं. बाबांनी ते स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिलं. मग आपला हात तिच्या हातावर ठेवला.